कचऱ्याच्या जागेवर उभा राहिलेला वर्ग : महाराष्ट्र निसर्ग उद्यान

धारावीलगत, मिठी नदीच्या काठी असलेली ही सुमारे ३७ एकरांची जागा एकेकाळी मुंबईचे कचरा टाकण्याचे मैदान होती आणि तिथे वाढवलेले जंगल १९९४ साली लोकांसाठी खुले झाले, हे सातवीच्या मुलांना त्याच झाडांच्या सावलीत उभे राहून ऐकता येते, यातच या सहलीचे मोल आहे. खारफुटी आणि फुलपाखरे निवांत पाहण्यासाठी तीन तास हवेत. आम्ही दीडच तास राखून ठेवला, ही चूक सर्वस्वी आमची. परतल्यावर मुलांनी डब्यांतील उरल्यासुरल्या अन्नाचे खत करायला घेतले. आठवड्यातच दुर्गंधी सुटली (शिपाईमामांचा संताप रास्तच होता), परंतु सुका पालापाचोळा मिसळताच ती थांबली. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर नेणार आहोत.