पुरात बुडालेली वॅगन आर माझ्या गळ्यात मारली, तुम्ही तरी नीट बघून घ्या

२०२२ च्या फेब्रुवारीत पुण्यात सेकंड हँड वॅगन आर घेतली, २०१८ ची पेट्रोल व्हीएक्सआय, ३ लाख ८५ हजाराला. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायला लागायचं, रिक्षात तिचे फार हाल व्हायचे, म्हणून छोटीच पण उंच सीटवाली, चढाउतरायला सोपी गाडी पाहिजे होती.

गाडी एमएच ०८ ची होती. डीलर म्हणाला, रत्नागिरीकडच्या काकांची आहे, मुलाकडे पुण्याला आलेत, आता चालवत नाहीत, सिंगल ओनर. मीटर ३१ हजार. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितला, सिंगल ओनरच, कर्जाचा बोजा नाही, इन्शुरन्स चालू, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून तयार. मला वाटलं कागद क्लीन आहेत म्हणजे झालं. आत नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, परफ्यूमचा एवढा वास की काच खाली करावी लागली, पण ते का मारलंय हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पॉवर स्टेअरिंगचा लाईट लागायला लागला, मग गाडी मध्येच बंद पडायला लागली, एकदा तर आई मागे बसलेली असताना डायलिसिसवरून येताना भर चौकात. ओळखीच्या मेकॅनिकने काहीच न खोलता आधी ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, आणि कधी बाहेर येत नाही त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. मग कार्पेट उचललं, फोमखाली सुकलेल्या गाळाचे पापुद्रे, सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेले, वायरिंगचे कपलर उघडले तर पिना हिरव्या पडलेल्या. म्हणाला दादा ही गाडी पाण्यात होती, एक वायर बदलून भागणार नाही.

नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिला तर सगळंच निघालं, मार्च २०२१ ची सर्व्हिस ५८ हजारावर झालेली आणि ऑगस्टमध्ये गाडी चिपळूणहून टो करून आणलेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं होतं, त्यातलीच ही. म्हणजे मीटर पण मागे फिरवलेला.

आरसीवर पूर, फिरवलेला मीटर यातलं काहीच दिसत नाही हो. टोकन द्यायच्या आधी सर्व्हिस हिस्ट्री काढा, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं. मालकाची जुनी पॉलिसी मागा, काही वर्षं जुन्या गाडीला नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट) शून्य असेल तर क्लेम कसला होता ते विचारा, आणि मालकाशी स्वतः फोनवर बोला, मला डीलरने 'काका झोपलेत' म्हणून बोलू दिलं नाही आणि मी ऐकलं. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गाळ, गंज आहे का बघा. आपला मेकॅनिक न्या, त्याचे हजारभर रुपये गेले तरी चालतील.

डीलर आता डिलिव्हरी नोट दाखवतो, तिच्यावर बारीक अक्षरात 'गाडी तपासून आहे त्या स्थितीत घेतली' असं आहे आणि खाली माझी सही. सर्व्हिस रेकॉर्ड, मेकॅनिकचे फोटो आणि '३१ हजार ओरिजिनल' लिहिलेला डीलरचा मेसेज जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. गाडी गॅरेजलाच उभी आहे, आई परत रिक्षाने जाते.