कासवाच्या ‘संपूर्ण सेट’च्या नावाखाली फसवणूक

कासवाच्या पिल्लासोबत काचेची पेटी, दिवा आणि दमटपणा मोजायची तबकडी असा ‘संपूर्ण सेट’ गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा. मला अशाच एका विक्रेत्याने गंडवलं आणि त्याचे भोग माझ्या सुलकाटा (जमिनीवर राहणारी एक आफ्रिकन जात) कासवाच्या पिल्लाने भोगले.

दिवा यूव्हीबी किरण (उन्हात असतात ते अतिनील किरण) देतो का, हे मी घेण्याआधीच स्पष्ट विचारलं होतं. ‘देतो तर! याला उन्हात न्यायची गरजच नाही, उलट आजारी पडेल,’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. आपला माल खपावा म्हणून त्या मुक्या जिवाचं फुकटचं ऊनसुद्धा त्याने तोडलं, याचा मला आजही संताप येतो.

काही महिन्यांतच पिल्लू मागचे पाय ओढत चालायला लागलं. उचललं की पोटाकडचं कवच अंगठ्याखाली दबायचं, आणि पाठीवरच्या खवल्यांना मधोमध टेंगळं आली होती. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला. हाडं पार ठिसूळ झाली होती. मग त्यांनी यूव्ही मीटर त्या दिव्याखाली धरला. आकडा शून्य! तो नुसता उष्णता देणारा साधा बल्ब होता. कातडीवर यूव्हीबी पडल्याशिवाय कासवाच्या अंगात पुरेसं डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी३ नसेल तर खाऊ घातलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्याचाच हे लोक फायदा घेतात. खोक्यावर ‘फुल स्पेक्ट्रम’ किंवा ‘डेलाइट’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. मीटर लावून दाखवायला सांगा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही या कामाचं नाही, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते.

तबकडीचीही तीच गत. काटा कायम साठवर. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओलं केलं आणि तबकडीसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवलं. अशा पिशवीत आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. काटा हलला नाही. म्हणजे पिल्लू इतके दिवस कोरड्या हवेत असलं तरी मला कळणार नव्हतं. सुलकाटाच्या पिल्लांवरचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात पाठीच्या टेंगळांवर आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम कितीतरी जास्त दिसला.

आता ते ऊबदार दिवसांत अंगणात फिरतं, शेजारी सावली आणि उथळ पाणी ठेवून. (काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नका, आत जीव उकडून मरतो.) घरात ओलसर काथ्याने भरलेली लपायची पेटी आहे. दमटपणासोबत ऊब हवीच. गारवा आणि ओल एकत्र आली की छातीचा संसर्ग होतो. पाय सावरलेत. नवं कवच सपाट वाढतंय, पण आलेली टेंगळं जाणार नाहीत.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ‘यूव्हीबी आहे असं मी म्हटलंच नव्हतं,’ म्हणाला, आणि बिलावर नुसतं ‘दिवा’ लिहिलेलं. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर ‘यूव्हीबी दिवा’ हे शब्द आणि मॉडेलचं नाव लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर तिथून सरळ बाहेर पडा.