पुण्याच्या अंगणात किनाऱ्याचं झाड: उंडी की परसपिंपळ?

कोकणातून येऊन पुण्यात घर बांधलं की अंगणात गावाकडचं एखादं झाड असावं असं वाटतंच. नारळ सगळेच लावतात. सुरंगीचा मोह मलाही झाला होता, पण ती फार सावकाश वाढते आणि तिच्यात फळं न धरणारी नर झाडं वेगळी असतात. शिवाय वेंगुर्ल्याकडची दमट हवा इथं कुठून आणणार? करंज तर पुण्याच्या रस्तोरस्ती आहे. मग उरतात दोन: उंडी आणि परसपिंपळ, म्हणजे किनाऱ्यावर ज्याला भेंड म्हणतात तो. कोथरूडच्या आमच्या अंगणात दोन्ही वाढवली, म्हणून हे लिहितो आहे.

आधी हवामानाची शंका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर रत्नागिरीत तो ३००० च्या वर जातो. तरीही दोन्ही झाडं इथं तगतात. वाळूत उभं राहून खारं वारं सोसणारी ही झाडं, त्यांना कोरडेपणा आणि क्षार नवे नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे बागेला बोअरचं जड पाणी द्यावं लागतं, कुंड्यांवर पांढरा थर बसवणारं. त्या पाण्यानं मोगरा पिवळा पडला, या दोघांना काही झालं नाही. थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा मात्र उंडीची कोवळी पालवी काळवंडते. पहिले दोन-तीन हिवाळे तिला भिंतीचा आडोसा आणि बुंध्याशी पाचोळा लागतो. परसपिंपळाला याची गरज पडली नाही.

वाढीच्या बाबतीत परसपिंपळाचा हात धरणारं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढा खुंट रोवायचा, बास. कोकणात कुंपणाला असेच खुंट ठोकतात आणि त्यांची झाडं होतात. सावली लवकर मिळते. फुलं जवळजवळ वर्षभर येतात, सकाळी फिकट पिवळी आणि आत गर्द तांबडी, संध्याकाळपर्यंत गुलाबीकडे झुकलेली. शिंजीर पक्षी त्यांच्यावर रोज येतात. उंडीकडे एवढी घाई नाही. बी कवचासकट पेरली तर उगवायलाच दोनेक महिने घेते. कवच अलगद फोडून काढलं तर तीन-चार आठवड्यांत कोंब येतो. फुलांसाठी सात-आठ वर्षं धरून चालावं.

एवढं वाचून परसपिंपळच लावावा असं वाटेल. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं. माझं मत फिरवलं ते लाल ढेकणांनी.

कपाशीवर पडणारे हे तांबडे-काळे किडे परसपिंपळाच्या बियांवर पोसतात, कारण तो कपाशीच्याच कुळातला. त्याची बोंडं वाळल्यावरही महिनोन्‌महिने फांदीला टिकून राहतात, म्हणजे किड्यांना खाणं कायम तयार. पावसाळा सरला की झाडाखाली, कंपाउंडच्या भिंतीला, नळाच्या पाइपाला त्यांचे थवे चिकटलेले दिसायचे. ते चावत नाहीत, माणसाचं काही बिघडवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ते घरात येतात. दोरीवरच्या कपड्यांच्या घडीत सापडतात, चुकून चिरडले की डाग पडतो. आईनं अंगणात गहू वाळत घालणं बंद केलं. कडुनिंबाचं तेल फवारून पाहिलं, ते वरच्या फांद्यांपर्यंत पोचत नाही. कडक औषध मारायला मन धजेना, त्याच फुलांवर शिंजीर आणि मधमाश्या येतात. बोंडं तोडावी तर झाड दोन मजले उंच. दर हिवाळ्यात केरसुणी घेऊन ढेकूण गोळा करणं हे आमच्या घरचं ठरलेलं काम झालं. वस्तीपासून दूर, मोकळ्या प्लॉटवर ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. माझ्या घरात ती रोज जाणवली.

उंडी निर्दोष आहे असं नाही. तिची गोट्यांसारखी टणक फळं फरशीवर पडतात आणि पायाखाली आली तर घसरायला होतं. वटवाघळं ती उचलून नेतात आणि अर्धी खाऊन गच्चीवर टाकतात. बी खायची नसते, लहान मुलांना तेवढं सांगून ठेवावं. जाड पानं लवकर कुजत नाहीत, मी ती इतर झाडांच्या आळ्यात पसरतो. पण फळं झाडून बाजूला करता येतात, ती आपण होऊन घरात शिरत नाहीत. आणि फुलं आली की पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, आणि एक मंद गोड वास दारापर्यंत. पानं बारमाही गर्द आणि चकचकीत, उन्हाळ्यातही सावली दाट. जुन्या कोकणात तिच्या बियांच्या तेलावर दिवे जळत, आणि लाकूड होड्यांना जाई. माझ्या आजोळच्या मागच्या दारी उंडी होती, त्यामुळे माझा कल थोडा तिकडे असणारच, हे वाचणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

जागेचं मात्र नीट पाहा. उंडी जितकी उंच तितकीच रुंद होते, म्हणून घराच्या भिंतीपासून वीसेक फूट तरी लांब असावी. तेवढी जागा नसेल आणि सावली लवकर हवी असेल, तर परसपिंपळ घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तो स्वयंपाकघराच्या आणि कपड्यांच्या दोरीच्या बाजूला नको. घाईनं ठरवू नका. शहरात स्वतःच्या आवारातलं झाड काढायलासुद्धा १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

उंडीचं रोप घ्यायचं ठरलं, तर उंची बघून घेऊ नका. तिचं सोटमूळ खोल जातं आणि पिशवीत फार दिवस राहिलं की तळाशी वेटोळं करून बसतं. फूटभर उंचीचं, नुकतं रुजलेलं रोप घ्या. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. खाली काळी चिकणमाती असेल तर खड्ड्यात मुरूम आणि जाड वाळू मिसळा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.