न्यू जर्सी की टेक्सास?

भाच्याला न्यू जर्सीतलं एडिसन सोडून टेक्सासात डॅलसजवळ फ्रिस्कोला नोकरी मिळतेय. ‘तिकडे टॅक्सच नाही’ हे त्याला सगळ्यांनी सांगून झालंय. अर्धसत्य आहे.

टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे खरं. न्यू जर्सीत नवराबायकोचं मिळून दीड लाख डॉलर करपात्र उत्पन्न असेल, तर साधारण साडेपाच हजार राज्याला जातात. तेवढी बचत नक्की.

पण टेक्सास घरावर वसूल करतं. प्रॉपर्टी टॅक्स दोन टक्क्यांच्या आसपास धरला, तर चार लाखांच्या घराला वर्षाला आठ हजार, म्हणजे हप्त्याशिवाय महिन्याला साडेसहाशेच्या वर. राहत्या घराला सवलत मिळते, पण अर्ज करावा लागतो. अर्थात न्यू जर्सीही इथे काही स्वस्त नाही. ती दोन्हीकडून कापते. फरक घराच्या किमतीत आहे: त्याच पैशात टेक्सासात जास्त खोल्या येतात.

सेल्स टॅक्स टेक्सासात सव्वाआठ टक्क्यांपर्यंत, न्यू जर्सीत ६.६२५, आणि कपड्यांवर शून्य. शिवाय टेक्सासात गारांमुळे घराचा विमा महाग, उन्हाळ्यात एसीचं बिल वेगळं आणि गाड्या दोन लागतातच. एडिसनहून निदान ट्रेनने न्यूयॉर्क गाठता येतं.

दोघांचे पगार चांगले असतील आणि मोठं घर हवं असेल, तर टेक्सास. एकाच गाडीत भागवायचं असेल, न्यूयॉर्कची नोकरी टिकवायची असेल, तर एडिसन सोडू नये.