भाड्याच्या चार खोल्या, चार सबमीटर: दहा महिन्यांनंतर

महावितरणचं एकच मेन मीटर, खाली चार भाडेकरू, आणि प्रत्येक खोलीचा वापर वेगळा मोजायला सिंगल फेज ५–३० अँपिअरचा सबमीटर. मीटरबद्दल तक्रार नाही. घोळ होतो तो वायरिंगमध्ये, आणि त्याहून जास्त बिल वाटताना.

न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, आधी तपासा. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र पिळलेले असतात. बरेच मीटर फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजून जो जास्त असेल तो धरतात. मग शेजारच्या गिझरचे युनिट या खोलीच्या नावावर चढतात. खोलीचा एमसीबी (फ्यूजच्या जागचा स्विच) पाडूनही मीटरवरचा पल्सचा दिवा, जो वापर मोजताना लुकलुकतो, तो लुकलुकत राहिला, तर न्यूट्रल एकत्र आहे हे नक्की. तो सुटा केल्याशिवाय पहिलं रीडिंग लिहूच नका.

मीटर खरा आहे का, हे भाडेकरूसमोर दाखवता येतं. मीटरवर युनिटला ३२०० पल्स (imp/kWh) लिहिलं असेल तर खोलीतलं बाकी सगळं बंद करून १५०० वॅटचा हीटर रॉड बादलीत सोडा. मिनिटाला सुमारे ८० लुकलुक यायला हव्यात. व्होल्टेज २३० ऐवजी २२० असेल तर ७३ येतील, तो मीटरचा दोष नव्हे.

स्क्रू एकदा आवळून भागत नाही. मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) वायर टोकाला लग, म्हणजे दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता खोचली की काही आठवड्यांत सैल होते, आणि गिझर चालू असताना टर्मिनल तापून काळं पडतं. महिन्याभराने मेन बंद करून पुन्हा आवळा. फिरत्या आकड्यांच्या काउंटरमध्ये शेवटचा लाल आकडा दशांश असतो. तो पूर्ण युनिट समजून वाचला की दसपट बिल!

आता वाटणी. एका महिन्याचे आकडे घ्या: खोल्यांचे ६२, ८८, १०४ आणि ४१, म्हणजे २९५. मेन मीटरवर ३३०. मधले ३५ कुणाचे? एक एचपीचा पंप रोज ४० मिनिटं म्हणजे महिन्याला साधारण २०. पॅसेजचे ९ वॅटचे दोन दिवे रात्रभर, साडेसहा. सबमीटर स्वतःच मिळून तीन-चार खातात. उरलेले पाचेक चालतात; पंधरा-वीस उरले तर कुठेतरी सबमीटरच्या आधीच टॅपिंग आहे, म्हणजे कुणीतरी वायर जोडून वीज घेतंय. हे ३५ माणशी वाटा, खोलीमागे नको. पाणी माणसं वापरतात.

खरी कुरबुर स्लॅबची, म्हणजे वापर वाढेल तसे चढणाऱ्या दराच्या टप्प्यांची. ४१ युनिटवाला स्वतंत्र मीटरवर १०० च्या आतल्या दरात राहिला असता. इथे एकत्र ३३० झाल्याने शेवटचे ३० युनिट ३०१–५०० च्या दरात गेले. काही मालक पहिल्या १०० युनिटांचे चार भाग करून प्रत्येकाला २५ स्वस्त युनिट देतात. न्याय्य आहे, पण दरमहा कागद पसरून बसावं लागतं. त्यापेक्षा स्थिर आकार, त्यावरच्या वीज शुल्कासह, खोलीमागे समान आणि उरलेलं बिल भागिले ३३०, हा दर बरा. फक्त कमी वापरणाऱ्याला तो खोली देतानाच सांगा. मागची थकबाकी किंवा दंड बिलात असेल तर भागण्याआधी वजा करा. ती भाडेकरूची नाही.

सबमीटरचं रीडिंग मेन मीटरचा फोटो निघतो त्याच दिवशी घ्यायचं, बिल हातात पडल्यावर नाही. आठ दिवसांचा फरक पडला की उन्हाळ्यात कूलरवाल्या खोलीचा आकडा कुठेच जुळत नाही. प्रत्येक फोटोत मीटरचा सीरियल नंबर दिसू द्या.