पिकोसेकंदांचा हिशेब : टाइम-ऑफ-फ्लाइट पेट-सीटीचा आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यातील एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आमचा जुना पेट-सीटी (शरीरात किरणोत्सारी औषध कुठे साठते ते सीटीच्या चित्रावर दाखवणारे यंत्र) बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) या फोटॉन टिपणाऱ्या स्फटिकांचा होता आणि त्याच्याबरोबर मी अकरा वर्षे काढली. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या जागी टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धतीचे, म्हणजे फोटॉन पोहोचण्याची वेळही मोजणारे यंत्र आले. आठ महिने ते रोज वापरल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण यातले बरेचसे या पिढीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडावे.

खरेदीच्या वेळी आम्हाला एकच आकडा पुन्हा पुन्हा ऐकवला गेला : वेळ मोजण्यातला नेमकेपणा सुमारे ४०० पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). रुग्णाला टोचलेल्या एफडीजीतील (ग्लुकोजसारख्या किरणोत्सारी औषधातील) फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्याच इलेक्ट्रॉनशी गाठ पडून दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. ही घटना दोन डिटेक्टरांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली, एवढेच जुन्या यंत्राला कळत असे. त्यामुळे रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे मोजणीतून चित्र तयार करताना ती सबंध रेषेवर सारखीच पसरवावी लागे. नवे यंत्र कोणता फोटॉन किती आधी पोहोचला हेही टिपते. प्रकाश एका नॅनोसेकंदात (हजार पिकोसेकंदांत) ३० सेंटिमीटर जातो आणि वेळेच्या फरकाचे निम्मे अंतर धरायचे असते, म्हणून ४०० पिकोसेकंद म्हणजे रेषेवर ६ सेंटिमीटर. एवढ्या अंदाजाने कर्करोगाची गाठ अधिक रेखीव दिसेल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे; रेखीवपणा मुख्यतः स्फटिकाच्या आकारावर ठरतो. फायदा होतो तो दाणेदारपणा कमी होण्यात, कारण पोटाच्या एका बाजूचा गोंगाट दुसऱ्या बाजूच्या चित्रात सांडत नाही. शरीराच्या जाडीला त्या ६ सेंटिमीटरांनी भागून वर्गमूळ घेतले की फायद्याचा ढोबळ अंदाज येतो. रुग्ण जितका जाड, तितका लाभ अधिक.

कल्पना जुनीच आहे. १९८० च्या दशकात सिझियम फ्लोराइड आणि बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकांची अशी यंत्रे बनली होती, परंतु ते स्फटिक फोटॉन अडवण्यात कमी पडत आणि वेळेत कमावलेले संवेदनशीलतेत जात असे. बीजीओ फोटॉन उत्तम अडवते, पण त्याचा प्रकाश विझायला सुमारे ३०० नॅनोसेकंद लागतात. ल्युटेशियमच्या स्फटिकात तेच काम ४० च्या आसपास होते. (ल्युटेशियम स्वतःच किंचित किरणोत्सारी असल्याने खोलीत कोणीही नसताना यंत्र मोजत राहते, याची सवय व्हायला मला आठवडाभर लागला.)

प्रत्यक्षातला फरक मला पहिल्यांदा पटला तो हडपसरहून आलेल्या एका गृहस्थांच्या स्कॅनमध्ये. वजन ११५ किलो, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, आणि प्रश्न यकृताचा. जुन्या यंत्रावर अशा रुग्णाचे यकृत भिजवलेला साबुदाणा ताटात पसरावा तसे दिसे. ठिपका खरा की नुसता गोंगाट, यावर रिपोर्टिंगच्या खोलीत वाद होत. या वेळी उजव्या खंडात एक लहान ठिपका स्वच्छ उठून दिसला आणि पुढे एमआरआयने त्याला दुजोरा दिला. श्वासामुळे सीटी आणि पेट जुळले नाहीत की यकृताच्या माथ्यावर फिकट चंद्रकोर उमटत असे, तीही आता बरीच पुसट झाली आहे. पन्नास किलोच्या आजींच्या स्कॅनमध्ये मात्र जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो, आणि हे विक्रेत्याने सांगितले नव्हते.

वेळेची बचत खरी आहे. पूर्वी आम्ही प्रत्येक बेड पोझिशनला (टेबल पुढे सरकवत शरीराचा एकेक भाग टिपतात, त्यातल्या एका टप्प्याला) तीन मिनिटे देत होतो. आता दीड मिनिट पुरते, वजनदार रुग्णाला दोन. आमचा डोस मुंबईहून येतो आणि फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे घाटात वाहतूक अडली की शेवटच्या दोन रुग्णांच्या वाट्याला उरेल तेवढेच येई आणि कधीकधी त्यांना उपाशीपोटी परत पाठवावे लागे. आता कमी डोसवरही थोडा जास्त वेळ देऊन वाचण्याजोगे चित्र मिळते.

तक्रारी आहेत, आणि पहिली रिकन्स्ट्रक्शनच्या सेटिंगची. इंजिनिअरने जी मांडणी करून दिली होती तिच्यात इटरेशन (चित्र सुधारण्यासाठी गणिताच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या फेऱ्या) गरजेपेक्षा जास्त होते. वेळेची माहिती असली की गणित लवकर स्थिरावते, आणि त्यानंतरही ते चालू ठेवले तर केवळ गोंगाट वाढतो. फँटमवर (रुग्णाऐवजी चाचणीसाठी ठेवायच्या नमुन्यावर) दोन शनिवार घालवून आम्ही स्वतः इटरेशन कमी केले, तेव्हा कुठे चित्र शांत झाले.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) एका तरुण रुग्णाचा पहिला स्कॅन जुन्या यंत्रावर आणि केमोच्या दोन चक्रांनंतरचा नव्यावर झाला. एका छोट्या गाठीचे एसयूव्ही (गाठीने किती औषध शोषले याचे माप) वाढलेले दिसले आणि घरच्यांचा धीर सुटला. वस्तुतः नव्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये लहान गाठींचे मूल्य वर जाते. आजार वाढलेला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी यकृताशी तुलना करून डोव्हिल स्कोअर (लिम्फोमाचा उपचाराला प्रतिसाद ठरवणारी श्रेणी) दिला आणि मी तोच डेटा वेळेची माहिती वगळून पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करून दिला, तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून जुन्या यंत्रावरचा मागील स्कॅन असलेल्या प्रत्येक रुग्णाची दोन रिकन्स्ट्रक्शने काढतो : एक पाहण्यासाठी, दुसरे तुलनेसाठी.

आणि तापमान. या यंत्रात स्फटिकांतला प्रकाश टिपायला जुन्या फोटोमल्टिप्लायर नळ्यांऐवजी सिलिकॉनचे सेन्सर आहेत आणि ते उष्णतेला फार हळवे असतात. एप्रिलमध्ये एका रात्री वीज गेली. जनरेटरने यंत्र सांभाळले, पण खोलीचा एसी त्या लाइनवर नव्हता. सकाळच्या क्यूसीत (यंत्राच्या रोजच्या गुणवत्ता तपासणीत) वेळेची चाचणी मर्यादेबाहेर गेली. डोसची गाडी मुंबईहून निघालेली, बाहेर बारामतीहून पहाटे निघालेल्या मधुमेही काकू उपाशी बसलेल्या, आणि आत मी तापमानाचा आकडा उतरण्याची वाट पाहत होतो. ४०० पिकोसेकंद गृहीत धरून गणित चालते. डिटेक्टर त्याहून ढिले झाले असतील तर चित्र वरवर ठीक दिसूनही मूल्ये चुकू शकतात, म्हणून चाचणी टाळून स्कॅन सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता. दोन तासांनी चाचणी उत्तीर्ण झाली, काकूंची साखर पुन्हा तपासली आणि उरलेल्या डोसवर त्यांना जास्त वेळ देऊन स्कॅन केला.

एसीसाठी जनरेटरची वेगळी लाइन मे महिन्यात टाकून घेतली. तिचा खर्च मूळ कोटेशनमध्ये नव्हता. नवे यंत्र घेणाऱ्यांनी तो आधीच विचारून घ्यावा.