दुबिया झुरळं घरी वाढवताना: डिचोलीतले दहा महिने

माझ्या दोन टॅरँटुलांच्या, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्यांच्या, खाद्यासाठी ऑक्टोबरात चाळीस अर्धवट वाढलेली दुबिया झुरळं आणली. आता ऑगस्ट आहे आणि खाद्य विकत मागवणं केव्हाच बंद झालंय. गोव्यात हे करू बघणाऱ्याला मी एकच सांगेन: ऊब शोधत बसू नका, ओलीपासून सांभाळा.

तीसेक अंशांना ती जोमाने वाढतात आणि तेवढी ऊब इथे फुकट मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत तेवढी मंदावली. मादी अंडकोश पोटातच ठेवते आणि जिवंत पिल्लं देते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांना लपायला ठेवलेला कोंबडीच्या अंड्यांचा रिकामा ट्रे उचलला, तर मादीला चिकटून तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढरीशुभ्र पिल्लं. दुपारपर्यंत ती तपकिरी झाली. ‘घरातली मारायची आणि ही पाळायची?’ म्हणणारी आई त्या दिवशी बराच वेळ डब्यापाशी बसली.

जूनमध्ये मात्र घात झाला. गाजराचे तुकडे दोन दिवस डब्यात राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यावरची पांढरी भुकटी हलताना दिसली. माइट, म्हणजे अगदी बारीक किडे! सगळं उपसलं, ट्रे फेकले, झुरळं कोऱ्या डब्यात हलवली. झाकण मोठं कापून स्टीलची बारीक जाळी बसवली. आता गव्हाचा कोंडा तव्यावर कोरडा करून घालतो, भाजी संध्याकाळी टाकतो ती सकाळी काढतो. लाल मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, जशा आजी फडताळाखाली ठेवायची. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास.

दुबिया गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत, वासही फारसा नाही. पण टॅरँटुलाच्या डब्यात सोडली की मातीत शिरून गप्प पडतात. म्हणून मी आधी चिमट्याने डोकं दाबतो. टॅरँटुला कात टाकायला पाठीवर उलटी झाली असेल तर आत झुरळ अजिबात नको, ते तिच्या मऊ अंगाला कुरतडू शकतं. साफसफाईला मास्क लावा. विष्ठेच्या धुळीने मला शिंकांचा त्रास सुरू झाला होता.

आणि हे परदेशी झुरळ आहे, आपल्या हवेत बाहेर टिकलं तर आवरता येणार नाही. चाळून काढलेल्या विष्ठेत नुकती जन्मलेली पिल्लं हमखास असतात, म्हणून ती विष्ठा मी आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो, मगच माडाच्या मुळाशी घालतो.